खालच्या बाईंची मोरी

आमच्या नेरूळच्या घरात कुणी आंघोळीला बसलं की खालून ठोका यायचा. एक तांब्या अंगावर ओतला की ठक्. दुसरा ओतला की ठक् ठक्. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई कोळिष्टकं काढायची लांब काठी घेऊन आपल्या बाथरूममध्ये उभ्या राहायच्या आणि छताला, म्हणजे आमच्या पायाखाली, ठोकायच्या. ह्यांच्या आंघोळीला ठोके कमी असत, माझ्या आंघोळीला जास्त. ते भास होते असं आमचे हे म्हणायचे. भास कसले? बायकांच्या भांडणात बाईवरच जास्त राग निघतो, हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं?

कारण खरंच होतं, ते मी नाकारत नाही. आमचं बाथरूम गळत होतं आणि पाणी त्यांच्या डोक्यावर पडत होतं. पण ते गळत होतं त्यात माझा काय दोष? मुलगी बारावीला होती तेव्हा आम्ही मुंबईची चाळ सोडून ह्या नव्या शहरात आलो. चार मजल्यांची इमारत, आमचं घर तिसऱ्यावर, रंगाचा वास अजून गेला नव्हता. मुलीचं कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं, तिला दिवस गेले, आणि तेवढ्यात बाथरूम गळायला लागलं. आमच्या चाळीची मोरी माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनी वापरली होती. ती कधी गळली नाही. नव्या शहराच्या नव्या इमारतीला मात्र एका मुलीचं लग्न होईपर्यंतसुद्धा दम धरवला नाही. बांधणाऱ्याला जाब विचारायला जावं तर तो सापडत नाही, आणि सोसायटीला विचारावं तर सेक्रेटरी म्हणतात, आतलं लीकेज म्हणजे दोन घरांचा आपसातला मामला. मग दर महिन्याला मेंटेनन्स कशाचा घेता, असं मी विचारलं. त्यावर ते हसले. मला त्या हसण्याचा आजही राग येतो.

खालच्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, घरात एकट्याच. जन्मभर कानाला यंत्र लावून बसल्यामुळे की काय, कान भलतेच तिखट आणि आवाज असा की बोलणं कमी आणि हुकूम जास्त. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "तुमचं पाणी माझ्या डोक्यावर पडतंय."

"मग डोकं बाजूला घ्यायचं," मी म्हटलं.

असं बोलायला नको होतं, पण त्या दिवशी सकाळपासून मी ते ठोके ऐकून घेतले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सरळ आपल्या घरात नेलं. बाथरूमच्या दारात उभं करून म्हणाल्या, "वर बघा."

वर पिवळा डाग होता, सुपाएवढा. मधोमध प्लास्टर सुटून आतला काळा गज दिसत होता आणि गजावरून थेंब खाली बादलीत पडत होता. खाली बघितलं तर त्यांचं बाथरूम अगदी आमच्यासारखंच. आत शिरल्यावर सरळ लांब मोकळी फरशी, टोकाला मोरीची जाळी, भिंतीला नळ, नळाशेजारी कपडे धुवायचा दगड, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक जुना पाट. बस्स. संडास वेगळा, शेजारच्या दारात. सगळ्या इमारतीत सगळ्यांचं असंच होतं.

"दुरुस्त करून घेतो," मी म्हटलं आणि वर आले.

घाई मलाच होती, त्यांच्यापेक्षा जास्त. मुलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही मी काढलेली रीत नाही. पण माझ्यासाठी ती नुसती रीत नव्हती. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. मला माहेर म्हणून जे होतं त्यात दोन भाऊ आणि एक स्टोव्ह. त्यामुळे माझं बाळंतपण सासरी, चाळीत झालं. मोरी मजल्यावरच्या सगळ्यांची मिळून एक. ओली बाळंतीण मी, अंगाला तेल चोपडलेलं, बाळाला न्हाऊ घालणारी बाई पाय पसरून बसलेली, आणि बाहेरून दारावर थापा. कुणाला कचेरी, कुणाला शाळा. "अहो, आटपा की." बाळाच्या अंगावरचा साबण निघायच्या आत आम्ही बाहेर. माझ्या अंगावरचं पाणीसुद्धा मी खोलीत येऊन पुसलं. थंडी भरली, दूध आटलं, ते सगळं मी सोसलं. त्या थापा मी विसरले नाही. माझी मुलगी बाळंतपणाला येईल तेव्हा तिच्या न्हाणीचं दार तिला हवं तितका वेळ बंद राहील, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती स्वतः तेव्हा सव्वा महिन्याचीसुद्धा नव्हती.

म्हणून मी बाथरूम फोडायला होकार दिला. आणि होकार देताना काय हवं तेही सांगितलं.

कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या ओळखीचा. हे पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते आणि हा माणूस तिथल्या कारखान्यांच्या ऑफिसांची टॉयलेटं बांधायचा. गळ्यात सोन्याची साखळी, खिशात पेजर. प्रत्येक वाक्याची सुरुवात "मॅडम, टेन्शन नको" अशी. मी त्याला बाथरूममध्ये उभं केलं आणि म्हटलं, जसं आहे तसंच पुन्हा करायचं. फरशी मोकळी. मध्ये काही नको. उंबरा बेताचा. कोबा घातला की त्यावर पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या बाईंनी छत कोरडं आहे असं सांगितल्याशिवाय एक लादी बसवायची नाही.

एवढ्यावर मी थांबले नाही. पाट मांडला, त्यावर बसले, पाय लांब केले आणि ह्यांना खडूनं रेघा मारायला लावल्या. एक माझ्या पाठीमागे, एक टाचांपाशी.

"हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"बाळाला न्हाऊ घालणारी बाई अशी बसते. बाळ तिच्या पायांवर पालथं झोपतं. एवढी जागा लागते."

"कळलं," हे म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरही म्हणाला, "कळलं मॅडम."

काय कळलं होतं ते पुढे येतंच.

काम सुरू झालं. घरभर सिमेंटची धूळ, पोह्यांतसुद्धा कचकच. आम्ही समोरच्या घरी बादल्या घेऊन आंघोळीला जायचो. न्हाऊ घालणारी बाई मी आधीच पक्की करून ठेवली होती. जवळच्याच सारसोळे गावची होती, आमच्या सेक्टरमधली निम्मी बाळं तिच्या पायांवर वाढलेली. अशी बाई आयत्या वेळी कुठून मिळणार? मी तिला सहाव्या महिन्यातच सांगून ठेवलं. ती म्हणाली, "येतंय मी बाय, गरम पानी मातर भरपूर ठेव."

मग सातव्या महिन्यात पुण्याला मुलीचं डोहाळजेवण आलं. ठरलं असं होतं की मी जायचं, चार दिवस राहायचं आणि येताना मुलीला घेऊनच यायचं. आठवा लागला की प्रवास नको, म्हणून सातव्यातच आणायची. निघताना मी बाथरूममध्ये डोकावले. जुनी फरशी निघाली होती, खाली नुसता उघडा स्लॅब. ह्यांना म्हटलं, खडूच्या रेघा लक्षात आहेत ना? "आहेत, आहेत. तू निश्चिंत जा."

निश्चिंत गेले. हिरवा चुडा, फुलांचे दागिने, ओटी, सगळं साग्रसंगीत झालं. मुलीच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. रात्री माझ्या शेजारी पडून हळूच म्हणाली, "आई, मला इथे नाही गं राहायचं बाळंतपणाला. सगळी चांगली आहेत, पण मला तिथे यायचंय." मी म्हटलं, न्यायलाच आलेय.

निघायच्या दिवशी विहीणबाईंनी विचारलं, "बाथरूमचं काम चाललंय म्हणे तुमच्याकडे?"

"होतच आलंय."

"मग होऊ दे की पुरतं. धुळीत कशाला नेताय तिला? पुढच्या आठवड्यात आठवा लागतोय. त्याआधी झालं तर या न्यायला. नाही तर राहील इथेच. आमच्याकडे काय, दोन बाथरूम आहेत."

दोन बाथरूम. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण धुळीचं त्यांचं खोटं नव्हतं. मुलगी फाटकाशी उभी राहून बघत होती. मी एकटीच पुण्याहून वाशीच्या बसमध्ये बसले आणि घाटभर मनात एकच, आठवडा आहे हातात, लाद्या बसल्या की लगेच परत येते.

घरी आले तर दार उघडायला हे स्वतः आले. अंगावर इस्त्रीचा सदरा. चेहऱ्यावर तेच हसू. तीस वर्षांच्या संसारात ते हसू मी ओळखायला शिकले होते. मला न विचारता काहीतरी विकत आणलेलं असलं की तसं हसू येतं.

"आधी चहा घेतेस का?"

"आधी बाथरूम."

दार उघडलं. मला वाटलं मी चुकून कुणाच्या ऑफिसात शिरले. संडास आणि बाथरूममधली भिंत गायब. दोन्ही मिळून एकच खोली, भिंतीला वरपर्यंत गुलाबी टाइल्स, टाइल्सवर फुलं. दारातून आत शिरलं की समोर पांढरा कमोड. त्याच्या शेजारी खांबावर बेसिन. आणि टोकाला, जिथे माझी मोरी होती तिथे, गुडघ्याएवढा कठडा बांधून चौकोनी हौदासारखं काहीतरी केलेलं, वर चकचकीत शॉवर. कठड्याच्या आत एक माणूस उभा राहील, तोही हात न हलवता.

"काय आहे हे?"

"शॉवर क्युबिकल," हे म्हणाले. "पाणी बाहेर उडत नाही. आमच्या साहेबांच्या घरी अस्संच आहे. आणि कमोड मुलीसाठी. डॉक्टर काय म्हणतात, शेवटच्या महिन्यांत खाली बसायला नको. बघ, मी विचार केलाय."

विचार केला होता, ते मला मान्य. मुलीचाच केला होता. पण विचार करताना एकदा पुण्याला फोन लावून मला विचारायला काय झालं होतं? खालच्या बाईंकडे फोन होता, कोपऱ्यावरच्या दुकानात पीसीओ होता. चार दिवस, आणि चार दिवसांत एकदाही नाही.

"रेघा कुठे गेल्या माझ्या?"

"त्या तोडताना बुजल्या."

मी आत गेले, पाट आणला, त्या नव्या कोऱ्या लाद्यांवर ठेवला आणि प्रवासाच्या साडीनिशी त्यावर बसले. पाय लांब करायला गेले तर टाचा कमोडला लागल्या. पाट फिरवला, तर गुडघे बेसिनच्या खांबाला. कठड्याच्या आत जाऊन बसले, तर पाय पोटाशी घ्यावे लागले. मी तशीच त्या हौदात, गुडघे छातीशी धरून, बसून राहिले.

"बसा," मी ह्यांना म्हटलं. "तुम्ही बसा इथे आणि मला दाखवा, बाळ कुठे ठेवायचं."

"अगं, आता कोण असं घालतं? मी टब आणलाय ना." आणि खरंच, गॅलरीतून निळा प्लास्टिकचा टब घेऊन आले. त्याच्या बुडावर बदकाचं चित्र होतं.

"आणि बाळंतीण? तिलाही टबात बसवू? तिचं अंग कुठे रगडायचं? तिच्या कमरेवर कढत पाणी कुठे ओतायचं? उभी करून शॉवरखाली?"

ह्यांच्या हातात टब तसाच राहिला. तेव्हा पहिल्यांदा त्यांना काय झालंय ते कळलं असावं. पण कबूल करतील तर शपथ. म्हणाले, "तू ना, जुन्यातच राहा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी जुन्यात राहते म्हणे. चाळीतल्या मोरीत थापा खात ह्यांच्या मुलीला न्हाऊ घातलं ती मी. तेव्हा हे कुठे होते? कचेरीला निघायची घाई असलेल्यांच्या रांगेत, टॉवेल खांद्यावर टाकून, बाहेर. त्या थापांत ह्यांची एखादी नसेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, खिडकी उघडी होती तरी सांगितलं.

कॉन्ट्रॅक्टरला बोलावणं धाडलं. आला, साखळी चाचपत.

"कठडा फोडायचा, कमोड काढायचा," मी म्हटलं.

"मॅडम, टेन्शन नको. पण आता हात लावला तर वॉटरप्रूफिंगला तडा जाईल. परत गळलं तर माझी जबाबदारी नाही. आणि माणसं आता दुसऱ्या कामावर गेलीत, महिना जाईल."

महिना कुठून आणू? माझ्याकडे आठवडा होता, त्यातलाही एक दिवस भांडणात गेला होता.

"कोब्यावर पाणी भरून ठेवलं होतं का?" मी विचारलं.

ह्यांनी कॉन्ट्रॅक्टरकडे बघितलं, कॉन्ट्रॅक्टरनं ह्यांच्याकडे.

"त्याची आता गरज नसते मॅडम. केमिकल टाकलंय. नवी टेक्निक आहे."

"रात्रंदिवस माणसं लावली, तू यायच्या आत पुरं करायचं होतं ना," हे म्हणाले. "तुला सरप्राइज."

त्या संध्याकाळी हे बाहेर निघून गेले आणि मी त्या कमोडच्या झाकणावर बसून रडले. राग आला की मला रडू येत नाही, पण त्या दिवशी आलं. मुलगी फाटकाशी उभी राहिलेली दिसत होती. विहीणबाईंना सांगायचं काय? बाथरूम झालंय, गुलाबी झालंय, फक्त तुमच्या नातवंडाला न्हाऊ घालायला त्यात जागा नाही? त्या लगेच म्हणतील, मग राहू दे की इथेच. आणि त्यांचं काय चुकलं असतं? माझं माहेरचं बाळंतपण आईविना राहिलं आणि मुलीचं आई असून राहणार. तेही एका शॉवरपायी.

बेल वाजली. दारात खालच्या बाई. हातात काठी नव्हती, पण मला वाटलं, नवीन कामाची चौकशी करायला आल्या असतील आणि आता मी त्यांनाही सोडणार नाही.

"तुमचं सगळं बोलणं खाली ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "बाथरूमच्या डक्टमधून."

"मग? त्याचीही तक्रार करायचीय का?"

"नाही." त्या आत आल्या, न विचारता बाथरूमपर्यंत गेल्या, कठडा बघितला, कमोड बघितला, निळा टब बघितला. टबातल्या बदकाकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "माझी मोरी अजून मोरी आहे. पाट आहे. पाणी तापवायला मोठं पातेलं आहे. एकटीचं घर, दारावर थाप मारायला कुणी नाही. मुलीला घेऊन या."

थाप हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला होता. दुपारचं सगळंच ऐकलेलं होतं त्यांनी.

जिन्यात ज्या बाईला मी डोकं बाजूला घ्या म्हटलं होतं ती ही. "मी तुम्हाला नको ते बोलले होते," एवढं कसंबसं म्हटलं.

"बोललात. आणि छताचं मी अजून सोडलेलं नाही. प्लास्टर तुम्हीच करून द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच फोनवरून मी पुण्याला फोन लावला. विहीणबाईंनी विचारलं, बाथरूम तयार आहे का? मी म्हटलं, तयार आहे. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आठवा लागायच्या आत मुलगी घरी आली.

पुढचे दोन महिने हे सकाळी शॉवरखालून बाहेर आले की न चुकता म्हणायचे, "बघ, एक थेंब नाही खाली. उगाच बोलत होतीस त्याला." खालच्या बाई रोज छताला हात लावून बघायच्या आणि खरंच, छत कोरडं होतं. ठोके बंद झाले होते. मी गप्प राहायचे. तेवढं गप्प राहणं माझ्या जिवावर यायचं. मुलगी त्या हौदात स्टूल टाकून बसायची आणि म्हणायची, "आई, जाऊ दे ना, बाबांनी किती हौसेनं केलंय." हौसेनं केलेल्या गोष्टींना नावं ठेवायची नाहीत, हा नियम पुरुषांच्या हौसेपुरताच का असतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

वाशीच्या हॉस्पिटलात नात झाली. घरी आणली आणि आमची सकाळची वरात सुरू झाली. पुढे मी, हातात तेलाची वाटी, बेसनाचं वाटण, टॉवेल. मागे मुलगी, कानाला फडकं बांधून, भिंतीला धरून एकेक पायरी उतरत. तिच्यामागे सारसोळ्याची बाई, दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन. ह्यांना मी एकच सांगून ठेवलं होतं, बाळाची आंघोळ होईपर्यंत शॉवर सोडायचा नाही. छत कोरडं असो नसो, मला खात्री नव्हती.

खालच्या बाई दार उघडून तयार असायच्या. मोरी पहाटेच घासलेली, पातेल्यात पाणी चढवलेलं, खिडकीला जुनी चादर बांधलेली, वारा लागू नये म्हणून. सारसोळ्याची बाई साडी गुडघ्याच्या वर खोचून पाटावर बसायची आणि पाय लांब करायची. सरळ, पार मोरीच्या जाळीपर्यंत. तिच्या नडग्यांवर नात पालथी पडली की माझा जीव थंड व्हायचा. तेल, मग बेसन, मग कोपरानं बघितलेलं कढत पाणी, धार धरून. नात आधी हंबरडा फोडायची, मग पाणी पाठीवरून वाहायला लागलं की गप्प. बाळ झालं की मुलीची पाळी. तिची कंबर रगडताना, तिच्या डोक्यावरून पाणी ओतताना कुणालाही घाई नसे. दार बंद. बाहेर खालच्या बाई नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या, धुरीच्या वासात. बाळ कसं धरायचं ते त्यांना आधी येत नव्हतं. मी शिकवलं. शिकवताना मीच जरा मऊ झाले असेन.

बारशाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नात पालथी, पाठीला बेसन लावून झालेलं, सारसोळ्याच्या बाईनं तांब्या उचलला. तेवढ्यात नात अशी दचकली की मूठ उघडली तिची, आणि किंचाळली. कढत पाणी पडलं की काय म्हणून मी पुढे झाले. पण तांब्या अजून वरच होता.

सारसोळ्याच्या बाईनं नातीच्या पाठीवर बोट फिरवलं. "थंड हाय," ती म्हणाली. मग मान वर केली. "बाय, वर कोन न्हातंय?"

मी वर बघितलं. पिवळ्या डागाच्या मधोमध, उघड्या गजावर, दुसरा थेंब धरत होता. आणि आता कान दिल्यावर पाण्याचा आवाजही आला. बारशाची खरेदी करायला लवकर निघायचं म्हणून ह्यांनी शॉवर सोडला होता. माझी अकरा दिवसांची नात उघडी, तिच्या पाठीवर त्या गुलाबी खोलीतलं गार पाणी. केमिकल म्हणे. नवी टेक्निक म्हणे. सरप्राइज म्हणे.

"तिला घेऊन बाहेर जा," मी सारसोळ्याच्या बाईला म्हटलं. खालच्या बाईंनी टॉवेल पुढे केला, नात त्यात गुंडाळली गेली, मुलीच्या कुशीत गेली. मी दारामागे हात घातला. कोळिष्टकं काढायची काठी नेहमीच्या जागीच होती. इतके महिने ती मी वरून ऐकली होती, हातात कधी घेतली नव्हती. मी मोरीत उभी राहिले, काठी वर केली आणि छताला ठोकलं.

वरचं पाणी चालूच.

"असं नाही," खालच्या बाई मागून म्हणाल्या. "दोन्ही हातांनी धरा आणि जोरात. हळू ठोकलं तर वर कुणाला ऐकू जात नाही. मला अनुभव आहे."

मी दोन्ही हातांनी धरली. ठोकत राहिले. प्लास्टरचा एक पोपडा सुटून माझ्या खांद्यावर पडला तरी थांबले नाही. शेवटी वरचं पाणी बंद झालं आणि डक्टमधून ह्यांचा आवाज आला, "काय झालं?"

मी परत ठोकलं.